रुग्णभेट आणि हस्तशुद्धी
(ज्युबिलीवर्षातील रुग्णदिनी धर्मग्रामाच्या रुग्णसेवक मंडळींपुढे केलेले भाषण)



आज ११ फेब्रुवारी, लुर्दच्या पवित्र मातेचा सण. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९२ साली हा दिवस जगातील रुग्णांसाठी नेमून दिला, आणि १९९३ पासून तो सर्व ख्रिस्तसभेत पाळला जातो. आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीवर्षात हा दिवस आला असता, जी मंडळी वर्षानुवर्षे रुग्णांच्या खाटांपाशी जाऊन त्यांचे सांत्वन करीत आली आहेत त्यांच्यासमोर आम्ही चार शब्द बोलावे, अशी समितीने आज्ञा केली. ज्युबिलीचे भाषण म्हटले म्हणजे पूर्वजांचे गुणगान व्हावे हे साहजिक होय. ते करण्यास आमच्याहून योग्य अशी वडीलधारी माणसे येथे बसली आहेत. आम्ही मात्र एका अगदी साध्या, किंबहुना कित्येकांस क्षुल्लक वाटेल अशा विषयावर बोलणार आहो. तो विषय म्हणजे रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी हात धुणे.

आपल्या ह्या स्थळाचे नाव शीव. शीव म्हणजे गावाची सीमा. मुंबई बेटाची हद्द जेथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी जेथे सुरू होई, ते हे ठिकाण. गावात साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत नेऊन सोडण्याची रीत महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी होती. रोग शिवेबाहेर गेला की गाव सुटले, अशी समजूत होती. पुढच्या गावाचे काय, हा विचार तीत नव्हता. आज आम्ही ज्या शिवेविषयी बोलणार आहो ती खाडीकाठी नाही. ती मनुष्याच्या तळहातावर आहे. आणि तिच्यापलीकडे जे गाव आहे त्याचे नाव आपला शेजारी.

प्रथम आम्ही आमचेच पापनिवेदन करतो. इतरांची पापनिवेदने ऐकण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने आपले एखादे चारचौघांत करावे, हे न्यायाचेच आहे.

दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट. ह्या शहरातील एका रुग्णालयात आम्ही सकाळपासून फिरत होतो. एका वॉर्डात बरेच दिवस पडून असलेल्या मनुष्याचा हात हातात घेऊन बराच वेळ बसलो. तेथून निघालो ते दुसऱ्या वॉर्डात गेलो. तेथे पायाची जखम चिघळलेल्या एका वृद्धास रुग्णाभ्यंग दिले. त्याच्या कपाळावर व तळहातांवर तेल लावले, आणि त्याची सरकलेली चादर नीट करून दिली. इतक्यात एका बाळंतिणीचा निरोप आला की, तिचे मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मले आहे, फादरांनी येऊन त्यास आशीर्वाद द्यावा. आम्ही लगबगीने तिकडे गेलो. नवजात बालकांच्या त्या कक्षाच्या दाराशी एक तरुण परिचारिका उभी होती. ती आपल्या धर्माची नव्हती. तिने आम्हांस अडविले आणि नम्रपणे म्हटले, “फादर, आधी हात.”

खरे सांगावयाचे तर आम्हांस राग आला. गुरुदीक्षेच्या वेळी ह्या हातांना पवित्र तेलाचा अभिषेक झालेला. ह्याच हातांनी आम्ही रोज वेदीवर ख्रिस्तशरीर उचलतो. आणि ही पोर त्यांस अस्वच्छ समजते! तोंडाने आम्ही काही बोललो नाही, परंतु चेहऱ्यावर ते उमटलेच असावे. तरी ती मागे सरली नाही. तिने नळाकडे बोट दाखविले. मनगटावरचे घड्याळ काढावयास लावले, बाह्या कोपरापर्यंत दुमडावयास लावल्या, आणि आम्ही बोटांवर पाणी घेऊन निघालो तेव्हा “अजून नाही झाले, फादर” असे म्हणून पुन्हा साबण लावावयास लावला. मग आत सोडले. आत काचेच्या पेटीत ते बालक निजले होते. त्याचे सबंध मस्तक आमच्या चार बोटांत मावेल एवढे. त्यावर बोट टेकविताना आम्हांस एकाएकी आठवले की, अर्ध्या घटकेपूर्वी हेच बोट त्या वृद्धाच्या जखमेजवळच्या चादरीला लागले होते. आणि त्या मुलीने अडविले नसते तर ते तसेच येथवर आले असते.

त्या दिवसापूर्वी पंधराएक वर्षे आम्ही खाटेमागून खाट अशी रुग्णभेट करीत होतो. एकाच्या जिभेवर ख्रिस्तप्रसाद ठेवावा, दुसऱ्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करावी, तिसऱ्याचा घाम पुसावा. मध्ये कधी हात धुतल्याचे आम्हांस आठवत नाही. आमच्या हातून कोणास काय पोहोचले हे आम्ही सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. चोराला आपण काय चोरले हे ठाऊक असते. म्हणून त्याला ते परत करता येते. आमच्या अपराधाचा हिशेब इहलोकी लागणारा नाही. आज आम्ही ह्या विषयावर बोलण्यास उभे आहो ते ह्याच कारणास्तव.

आता हे कसे घडते ते पाहू. आपल्या कोळीवाड्यातील स्त्रियांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. पाटीत एक मासळी नासलेली असली तर तिला लागलेला हात ताज्या मासळीला लावू नये, कोयता व फळी खळखळून धुवावी, बर्फ घाण पाण्याचा घेऊ नये, हे ज्ञान त्यांस लहानपणीच मिळालेले असते. रुग्णालयाची रीत ह्याहून वेगळी नाही. निरोगी मनुष्याची कातडी ही त्याच्या देहाची तटबंदी होय. रुग्णाच्या तटबंदीला औषधोपचारासाठीच ठिकठिकाणी दारे पाडावी लागतात: कोठे सलाइनची सुई, कोठे लघवीची नळी, कोठे श्वासाची नळी, कोठे शस्त्रक्रियेची जखम. आपल्या हातावर जे जंतू निरुपद्रवीपणे वस्ती करून असतात तेच ह्या दारांतून आत शिरले की घातक ठरतात. शिवाय रुग्णालयातील जंतू अनेक औषधांच्या माऱ्यातून वाचून निगरगट्ट झालेले असतात. त्यांच्यावर साधी औषधे चालत नाहीत. हे जंतू स्वतःच्या पायांनी एका खाटेवरून दुसरीवर जात नाहीत. त्यांस नेणारे वाहन पाहिजे, आणि ते वाहन बहुधा मनुष्याचा हात असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली ह्याविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात असे सांगितले आहे की, रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांस, आणि आपल्यासारख्या मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांस, तेथे असतानाच निदान एक नवा संसर्ग जडतो; आणि ज्यांस तो जडतो त्यांच्यापैकी सुमारे दहांत एक मृत्यू पावतो. हातांची शुद्धी व तत्सम साधे उपाय नीट पाळले तर ह्यांतील ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टळू शकतात, असेही त्याच अहवालात आहे. बरे होण्यासाठी ज्या घरात जावे त्याच घरात नवा रोग मिळावा, आणि तोही बहुतांशी टाळता येण्याजोगा असावा, ह्याहून खेदाची गोष्ट कोणती?

हे ज्ञान जगाला फार महागात मिळाले आहे. १८४७ साली ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयात, इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक तरुण हंगेरियन वैद्य काम करीत होता. तेथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या दुसऱ्याहून कितीतरी अधिक असे, इतकी की त्या विभागात घालू नका म्हणून स्त्रिया पाया पडत. कारण कोणासही सापडेना. तेव्हा एक तर्क असा निघाला, आणि आम्हां धर्मगुरूंनी तो विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. मरणोन्मुख स्त्रीला अखेरचे संस्कार देण्यासाठी धर्मगुरू येई तेव्हा त्याच्यापुढे एक सेवक घंटा वाजवीत चाले. पहिल्या विभागात त्यास अनेक खोल्यांतून जावे लागे. त्या घंटेच्या धसक्यानेच स्त्रिया ज्वर घेत असाव्यात, असे काहींस वाटले. सेमेलवाइसने धर्मगुरूस विनंती करून त्याचा मार्ग बदलविला, घंटा बंद करविली. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

पुढे त्याचा एक वैद्य मित्र शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या शस्त्राने बोटाला जखम होऊन मरण पावला. त्याच्या देहाची चिन्हे बाळंतिणींच्या ज्वराच्या चिन्हांशी जुळत होती. सेमेलवाइसला कारण कळून चुकले. विद्यार्थी व वैद्य प्रेतगृहातून थेट प्रसूतिगृहात येत. साबणाने धुतलेले त्यांचे हात डोळ्यांना स्वच्छ दिसत, परंतु प्रेतगृहाचा वास त्यांवरून जात नसे. त्याने नियम घातला की, स्त्रीला तपासण्यापूर्वी प्रत्येकाने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतलेच पाहिजेत. त्या वर्षी एप्रिल महिन्यात शंभर बाळंतिणींमागे अठरांहून अधिक मरत होत्या. जुलैत हे प्रमाण एक-दोनांवर आले. त्याच्या व्यवसायबंधूंनी ह्याबद्दल त्याचे आभार मानावे, तर पुष्कळांनी त्याचा राग धरला. सभ्य गृहस्थांच्या हातून मृत्यू येतो हे ऐकून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. १८६५ साली, वयाच्या अवघ्या ४७व्या वर्षी, एका वेड्यांच्या रुग्णालयात, चिघळलेल्या जखमेनेच त्याचा अंत झाला. बंधुभगिनींनो, त्या वैद्यांस जो राग आला तोच आम्हांस त्या दाराशी आला होता. सज्जन मनुष्याला आपला हात मलिन असू शकतो हे मान्य करणे फार जड जाते.

दूरदेशीचे उदाहरण झाले. आता आपल्या उंबरठ्यावरचे घ्या. लोकमान्य टिळक रुग्णालय, ज्यास आपण सारे शीव रुग्णालय म्हणतो, ते १९४७ साली लष्कराच्या जुन्या बराकींत सुरू झाले, आणि १९६४ साली त्यास वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले. तेथील नवजात बालकांच्या विभागात डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी अनेक वर्षे सेवा केली. पुढे त्या तेथील अधिष्ठाताही झाल्या. त्यांच्या आरंभीच्या काळात अपुऱ्या दिवसांची व कमी वजनाची बालके मोठ्या संख्येने दगावत, आणि त्यांतील पुष्कळांचे कारण संसर्ग हे असे. डब्याचे दूध, ते कालविण्याचे पाणी, बाटली आणि बाटलीचे बूच, ह्यांतूनच तो बालकांच्या पोटात जात आहे, हे डॉक्टरीणबाईंच्या ध्यानात आले. त्यांनी डब्याचे दूध बंद करून आईच्या दुधावर भर दिला, आणि आयांनाच बालकांच्या शुश्रूषेत सामील करून घेतले. परिचारिका थोड्या आणि बालके पुष्कळ असली म्हणजे एकीला अनेकांस हाताळावे लागते. आईचा हात आपल्या एकाच बालकापाशी राहतो. ह्या उपायांनी संसर्ग व मृत्यू पुष्कळ कमी झाले.

परंतु ज्या बालकाच्या आईला दूध येत नाही, किंवा जिची प्रकृती अत्यवस्थ आहे, तिने काय करावे? ह्या प्रश्नातून १९८९ साली शीव रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली. एका आईने दिलेले दूध दुसऱ्या आईच्या बालकाला मिळू लागले. ह्यात दया आहे हे तर उघडच आहे. पण ती दया किती सावध आहे तेही पाहा. दूध देणाऱ्या स्त्रीची रक्ततपासणी होते. ते दूध साडेबासष्ट अंश सेल्सियस उष्णतेवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात, जंतूंची तपासणी करतात, गोठवून साठवितात, आणि मगच बालकाच्या मुखी घालतात. “आईचेच दूध आहे, त्यात काय पाहावयाचे?” असे तेथे कोणी म्हणत नाही. आईच्या दुधाइतकी निर्मळ वस्तू जर परीक्षेवाचून परक्या बालकाला दिली जात नाही, तर आमच्या तुमच्या हातांनी परीक्षेवाचून कसे जावे?

आता ह्या भाषणातील मुख्य गोष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली रुग्णसेवकांसाठी हात शुद्ध करण्याचे पाच प्रसंग ठरवून दिले. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी. सुई, नळी किंवा जखम ह्यांविषयीचे निर्जंतुक काम करण्यापूर्वी. रक्त वा इतर स्राव हाताला लागण्याचा संभव आल्यानंतर. रुग्णाला स्पर्श केल्यानंतर. आणि त्याच्या खाटेला, चादरीला वा सामानाला स्पर्श केल्यानंतर. ह्या पाचांत दोन ‘पूर्वी’ आहेत आणि तीन ‘नंतर’. नंतरचे हात धुणे मनुष्याला शिकवावे लागत नाही. भीतीच ते शिकविते. रुग्णालयातून घरी परतलेला मनुष्य दारातच हातपाय धुतो. कित्येक घरी तर स्नानावाचून आत घेत नाहीत. परंतु जाताना, रुग्णाच्या खाटेशी बसण्यापूर्वी, किती जण हात धुतात? नंतरचे धुणे आपल्या जिवासाठी असते, पूर्वीचे दुसऱ्याच्या. नंतरचे भीतीपोटी होते. पूर्वीचे केवळ प्रीतीमुळेच होऊ शकते.

आपल्या देशात ह्या भेदाला आणखी एक अर्थ आहे. शेकडो वर्षे येथे एका मनुष्याने दुसऱ्याला शिवून हात धुतले. विटाळ झाला म्हणून धुतले. त्या पाण्याने कोणाचा रोग गेला नाही, कोट्यवधींचा मान मात्र गेला. आणि आपल्या ख्रिस्ती घराण्यांनीही ते पाप आपल्या दाराबाहेर ठेवले, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही. रुग्णालयाच्या दारातील नळ ह्याच्या अगदी उलट रीत शिकवितो. येथे समोरचा मनुष्य पवित्र, आणि हात आपला शंकास्पद. येथे धुवावयाचे ते त्यास शिवता यावे म्हणून.

कोणी शास्त्रज्ञ बंधू म्हणतील, “फादर, प्रभूनेच परूश्यांस हात धुण्यावरून बोल लावला ना?” होय, लावला. परंतु कशाबद्दल ते नीट पाहावे. बाहेरचे पात्र घासून पुसून ठेवणारा मनुष्य अंतःकरणात लोभ व क्रौर्य बाळगतो, आणि त्या धुण्यालाच नीतिमत्त्व समजतो, ह्या ढोंगाचा प्रभूने निषेध केला. ज्या प्रभूने कमरेला रुमाल बांधून, भोजनाच्या वेळी, शिष्यांचे पाय आपल्या हातांनी धुतले तो पाण्याचा शत्रू कसा असेल? शास्त्रात हात धुण्याचे आणखी एक दृश्य आहे, पिलाताचे. त्याने सर्व लोकांसमक्ष हात धुतले ते जबाबदारी झटकण्यासाठी. आणि प्रत्येक मिस्साबलीत अर्पणविधीच्या शेवटी धर्मगुरू हात धुतो, ते जबाबदारी हाती घेण्यापूर्वी. पिलाताचे पाणी आणि वेदीवरचे पाणी, दोन्ही पाणीच. आपण कोणत्या बाजूला उभे आहो एवढेच प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

सावधगिरी म्हणजे दूर पळणे नव्हे, ह्याचाही पुरावा आपल्या शेजारी आहे. वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० साली निराश्रित महारोग्यांसाठी स्थापन झाले. त्या काळी ह्या रोगाविषयी जी दहशत होती तीपुढे प्रत्यक्ष रोग काहीच नाही. आज आपण जाणतो की बहुतेक मनुष्यांच्या शरीरात त्यास तोंड देण्याची शक्ती उपजतच असते, आणि औषध सुरू झाले की तो रोगी लवकरच संसर्गकारक राहत नाही. तरी त्या बिचाऱ्यांस समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दूर लोटले. अज्ञानातून दोन पापे जन्मतात: जेथे भय नको तेथे पळणे, आणि जेथे सावधगिरी हवी तेथे बेफिकीर राहणे. ज्ञान दोहोंपासून वाचविते.

मुंबईच्या प्लेगाचे स्मरण येथे होणे अपरिहार्य आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात तो प्लेगच होय हे प्रथम ओळखून जाहीर करणारे डॉक्टर आकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे, आपल्याच कॅथलिक समाजातील गृहस्थ. मुंबईतील अनेक गावठाणांत त्या काळी उभारलेले क्रूस आजही उभे आहेत. आपल्या वाडवडिलांनी त्यांच्यापाशी गुडघे टेकून रात्री काढल्या. त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या पुत्राच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. प्लेगाने ग्रासलेल्या एका मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या निवर्तल्या. अशा प्रीतीपुढे आपण मस्तक नमवावे. परंतु हेही लक्षात घ्यावे की, तो रोग कसा पसरतो हे त्या वेळी जगाला नीट उमगलेले नव्हते, आणि त्याला मारणारे औषध अस्तित्वात नव्हते. त्यांच्यापाशी प्रीती होती, साधन नव्हते. आपल्यापाशी साधन आहे, आणि ते एका साबणाच्या वडीएवढे स्वस्त आहे. ते असून जो वापरीत नाही त्याने त्यांच्या नावाचा आधार घेऊ नये.

२०२० सालची आठवण ताजीच आहे. मार्चपासून आपल्या चर्चची दारे बंद झाली, पवित्र पाण्याची पात्रे कोरडी ठेवण्यात आली. धारावी आणि शीव ही नावे रोज वर्तमानपत्रांत येत होती. आपल्या धर्मग्रामातील कित्येक कन्या परिचारिका म्हणून, कित्येक पुत्र वॉर्डबॉय व सफाई कामगार म्हणून त्या दिवसांत कामावर गेले. कित्येकांस मरतेसमयी धर्मगुरू मिळाला नाही, आणि आम्हांस तेथे जाता आले नाही, हे शल्य आमच्या मनातून जाणार नाही. तेव्हा प्रत्येकाच्या खिशात हात शुद्ध करण्याची बाटली होती. आज चर्चच्या दाराशी ठेवलेली बाटली रिकामी आहे. आम्ही काल पाहिली. तो सारा काळ आपण ‘नंतर’ धुवावयास शिकलो होतो. भय गेले, तसे धुणेही गेले.

म्हणून रुग्णसेवक मंडळींस आमच्या काही विनंत्या आहेत.

पहिली: रुग्णभेटीस एका वेळी दोघांहून अधिकांनी जाऊ नये. सबंध वाडी लोटली म्हणजे प्रेम अधिक झाले असे नाही. रुग्णाच्या खाटेवर बसू नये, पिशव्या तिच्यावर ठेवू नयेत. लहान मुलांस नेऊ नये. स्वतःस ताप, खोकला, जुलाब वा हाताला चिघळलेली जखम असेल तर त्या दिवशी घरी बसून जपमाळ म्हणावी. तीही रुग्णभेटच होय.

दुसरी: अंगठ्या, बांगड्या, घड्याळ बाजूला करून, रुग्णाला शिवण्यापूर्वी व नंतर हात धुवावे. साबणपाण्याने चाळीस ते साठ सेकंद. हात मळलेले दिसत नसतील तर अल्कोहोलयुक्त द्रावणाने वीस ते तीस सेकंद. तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोके. अंगठा बहुतेकांचा राहतो, आणि धर्मगुरू अभ्यंग करतो तो अंगठ्यानेच.

तिसरी: ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्यांनी प्रत्येक रुग्णाच्या आधी हात शुद्ध करावे. अभ्यंग स्वतःच्या हाताने करावे असा नियम असला तरी, गंभीर कारण असल्यास साधन वापरण्याची मुभा धर्मसभेच्या कायद्याने दिलेली आहे. तेव्हा साथीच्या दिवसांत कापसाच्या बोळ्याने अभ्यंग झाले तर संस्कार कमी झाला असे कोणी समजू नये.

चौथी: क्षयासारखे रोग हवेतून पसरतात, त्यांस हात धुणे पुरत नाही. तेथे मुखपट्टी बांधावी, खिडक्या उघड्या ठेवाव्या. संत कामिलस ह्यांनी सोळाव्या शतकात रोमच्या रुग्णालयांत खेळती हवा आणि संसर्गी रोग्यांची वेगळी व्यवस्था ह्यांसाठी आग्रह धरला होता. रुग्णांचे हे आश्रयदाते संत भाविक होते तसेच व्यवहारीही होते.

पाचवी: गल्लीतील दवाखान्यात इंजेक्शन घेताना सुई व सिरिंज आपल्या डोळ्यांदेखत नव्या वेष्टनातून काढली जाते ना, हे पाहावे, आणि सर्दीपडशासाठी डॉक्टरांकडे जंतुनाशक गोळ्यांचा हट्ट धरू नये. विनाकारण घेतलेली प्रत्येक गोळी जंतूंना निगरगट्ट करते, आणि त्याचे प्रायश्चित्त पुढे वॉर्डातील एखाद्या निरपराध्याला भोगावे लागते.

सहावी आणि सर्वांत कठीण: कोणी अडविले तर रागावू नये. परिचारिका, आया, मामा, शिकाऊ डॉक्टर, वयाने व मानाने लहान असलेले कोणीही “आधी हात” म्हणाले तर ‘होय बाई, होय बाबा’ म्हणून नळाकडे वळावे. आणि आपणही अडवावे. आपल्या आईच्या जखमेला हात लावावयास कितीही मोठा मनुष्य आला, तरी हात जोडून विचारावे की हात धुतले आहेत ना. नम्रपणे विचारलेल्या ह्या एका प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही.

ज्युबिलीची आठवण म्हणून आपल्या अंगणात पाटी बसणार आहे, दिवे लागणार आहेत. सारे उत्तम आहे. आमची समितीस एवढीच प्रार्थना आहे की चर्चच्या दाराबाहेर एक नळ व साबणाची जागाही करावी, दाराशी ठेवलेली ती बाटली उद्यापासून भरलेली असावी, आणि प्रत्येक रुग्णसेवकाच्या झोळीत जपमाळेशेजारी एक छोटी बाटली असावी. त्या तरुण परिचारिकेचे नाव आम्ही त्या दिवशी विचारले नाही, ह्याचा आम्हांस खेद आहे. तिचे ऋण फेडण्याचा एकच मार्ग आम्हांस दिसतो. उद्या सकाळी आम्ही घरोघरी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यावयास निघू. ज्या दारात येऊ त्या दारातील लहानात लहान मुलानेही आम्हांस अडवावे, आणि विचारावे, “फादर, आधी हात?” आम्ही रागावणार नाही. पाणी तेवढे तयार ठेवा.